चावीवाल्याचा हातोडा

संशयी माणसाचा मला मनापासून राग येतो, आणि माझं नशीब असं की गेली अठरा वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून संपतकाका राहतात. गॅसची टाकी आली की ते बोटाच्या पेरानं ती तीन जागी वाजवून बघणार. नळाला वेळेआधी पाणी आलं तर भरायच्या आधी वास घेणार. दिवाळीला मी फराळाचं ताट पाठवलं की ताट घेतील, झाकण उचलतील आणि विचारतील, "आवंदा दोन करंज्या जास्तीच्या कामून, बाई?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. पण संपतकाकांच्या तोंडी ते उलटतपासणीसारखं वाटतं.

त्यांची बायको बेबीनंदाकाकू या सगळ्याला सरावलेली. ती म्हणते, "मला बघायला आल्ते तवा माझ्या दातावर टिचकी मारायची तेवढी राह्यली."

पण राग आला तरी मी एक गोष्ट मान्य करते. या माणसाला एकतीस वर्षं पगारच संशय घ्यायचा मिळाला. संपतकाका रेल्वेत चावीवाले होते. रूळ खालच्या पट्ट्यांना ज्या लोखंडी चाव्यांनी घट्ट धरलेले असतात, त्या रोज तपासायच्या. सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचं, आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत एका रुळानं जायचं आणि दुसऱ्यानं परत यायचं. प्रत्येक चावीवर हातोडा मारायचा. खणखणीत आवाज आला तर पुढं, बद्द आवाज आला तर चावी ढिली. वाकून ठोकून बसवायची. काल बसवलेली चावी आज घट्टच असेल असं धरून चालायचं नाही. चावीवाल्यानं एकदा विश्वास ठेवला की गाडी घसरलीच म्हणून समजा.

त्यांचे वडील कडूबा हेही चावीवालेच, मीटरगेजच्या काळातले. गावात तेव्हा कडूबाला विहिरीवर चढायची मुभा नव्हती, पाणी वरून ओतून देत. पण रुळावर त्यांनी लाल झेंडी धरली की मेलगाडीसुद्धा उभी राहायची आणि साहेब खाली उतरून विचारायचा, कडूबा, काय झालं. माझ्या सासरची मंडळी जमीनदार. विहीर त्यांचीच होती. हे संपतकाकांनी मला कधी ऐकवलं नाही, मला ते बेबीनंदाकाकूकडून कळलं. त्यानंतर मी करंज्यांच्या प्रश्नावर चिडणं जरा कमी केलं.

कडूबांचा हातोडा काकांकडं होता. मीटरगेज उखडलं तेव्हा जुनी अवजारं भंगारात निघाली. काकांनी तो हातोडा रीतसर पावती घेऊन विकत घेतला आणि पावतीला प्लास्टिक चढवून ठेवलं. घरी पाहुणा आला की हातोडा दाखवायचे, पण कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

अशात आमच्या स्टेशनचं काम निघालं. जालन्याहून परभणीकडं जाताना लागणारं आमचं छोटंसं स्टेशन, निजामाच्या अमदानीतलं, काळ्या दगडाचं. पाडून नवं बांधायच्या ऐवजी जुनंच नीट करायचं ठरलं. दोन वर्षं हिरव्या जाळ्या लागलेल्या होत्या. संपतकाका रोज संध्याकाळी जाळीच्या फटीतून आत बघून यायचे आणि ओट्यावर बसून बातमीपत्र द्यायचे. सागवानी दारं पॉलिशला म्हणून नेलीत, परत येतील ती सागाची असतील का? खांबाचे दगड धुतोय म्हणतात, पण धुतलेला दगड इतका काळा कसा? दारं काढायच्या आदल्या दिवशी त्यांनी चारही दारांना खालच्या फळीवर आतल्या अंगानं खिळ्यानं खुणा करून ठेवल्या होत्या. हे त्यांनी मला फार अभिमानानं सांगितलं.

मग प्रभावती आली. स्टेशनात जुन्या वस्तूंचं दालन करायचं होतं, त्यासाठी घरोघर फिरून वस्तू गोळा करायचं काम तिच्याकडं होतं. नांदेडकडची, तिशीतली, पायात बूट, खांद्याला पिशवी. कुणी जुना कंदील दिला, कुणी शिट्टी. संपतकाकांकडं ती चार वेळा आली. पहिल्या वेळी त्यांनी तिला ओट्यावरच उभं ठेवलं. दुसऱ्या वेळी तिचं ओळखपत्र मागितलं, तिसऱ्या वेळी ते ओळखपत्र खरं आहे का हे मला विचारलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, हातोड्याखाली कडूबांचं नाव लिहू, मधोमध, मोठ्या अक्षरात.

काका आत जाऊन हातोडा बघून आले. मग म्हणाले, आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेला हातोडा तिच्या हातात दिला. मी साक्षीदार म्हणून हजर होते. प्रभावतीनं फडकं सोडलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. ती गेल्यावर काका मला म्हणाले, "बघितलं का, बाई? उघडून बघितला न्हाई. ज्याला खऱ्याखोट्याची पडलेली न्हाई, तो माणूस वस्तू इकून टाकतोय. त्या काचंत तिसराच हातोडा दिसंल बघा." पुढं दोन महिने त्यांनी हेच पालुपद साऱ्या गावाला ऐकवलं. स्टेशनसमोर हॉटेल चालवणाऱ्या अप्पारावला तर ते पाठ झालं होतं.

स्टेशन खुलं झालं त्या दिवशी गर्दी नको म्हणून काका गेले नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी त्यांना घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला त्यांची फजिती बघायची होती.

स्टेशन सुरेख झालेलं होतं. दगडांतला चुना नवा, कौलं स्वच्छ, फलाटावर नवी फरशी. काकांनी हे काहीच पाहिलं नाही. त्यांनी आपली लोखंडी टोपणाची काठी उलटी धरली आणि पहिल्या खांबावर ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली. लोक बघायला लागले, मी चार पावलं लांब जाऊन वेळापत्रक वाचू लागले.

"दगुडच हाय," ते नाराजीनं म्हणाले.

मग दारं. काका गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून खालच्या फळीच्या आत बोट फिरवलं. खूण होती. दुसऱ्या दाराला होती. तिसऱ्याला पॉलिशखाली बुजली होती, नखानं खरवडल्यावर निघाली. चौथ्यालाही होती. गाडी येताना वाजवायचा तो टांगलेला रुळाचा तुकडा त्यांनी काठीनं हळूच वाजवला आणि डोळे मिटून आवाज संपेपर्यंत ऐकला. तो जुनाच होता. सामान तोलायच्या काट्याच्या तळाशी वाकून त्यांनी अंक वाचला आणि खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. तोही जुळला.

मला आनंद होत होता, कशाला लपवू? दोन वर्षं ओट्यावर बसून ऐकलेलं सगळं एकेक करून खोटं पडत होतं. पण गंमत अशी की प्रत्येक वस्तू खरी निघाली की काकांचा चेहरा आणखी उतरायचा. काट्यापासून उठताना त्यांनी माझा हात धरला. असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. आम्ही बाकावर बसलो.

"बाई, हितलं सगळं खरं हाय."

मी म्हटलं, मग पेढे वाटा.

"म्या दिलेला हातोडा खोटा हाय," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग त्यांनी रुळांकडं बघत सगळं सांगितलं. ते आठ दिवस त्यांनी उगाच मागितले नव्हते. आष्टीच्या बाजारात जाऊन जुना, खडी फोडायचा हातोडा आणला होता. त्याच वजनाचा, तशाच बांध्याचा. दांड्याला तेल पाजून, चुलीच्या धुरात धरून काळा केला होता. कडूबांचा हातोडा घरात, गव्हाच्या कोठीत, तळाशी होता. काकूलासुद्धा माहीत नव्हतं.

"त्या पोरीनं शहरात नेऊन इकला असता तर? बापाची येवढी एकच वस्तू राह्यली व्हती. मला वाटलं, त्येंनी बदलायच्या आधी आपणच बदलू."

मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, तिनं कपाळाला लावला तो खडीफोड्याचा हातोडा? दोन महिने तुम्ही तिला चोर ठरवत फिरलात, आणि लबाडी केली ती तुम्ही? खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. आत्ताच्या आत्ता जा आणि तिला सांगा.

काकांनी काठी सरळ करून फरशीवर टेकवली. मग म्हणाले, "सांगितलं तर बापाचं नाव जाईल, बाई. चावीवाल्याचा शब्द म्हंजे शब्द असतो. त्याच्या शब्दावर गाड्या चालत व्हत्या. आता लोक म्हणतील, कडूबाचं पोरगं लबाड." उद्या गुपचूप खरा आणून ठेवता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. काचेला कुलूप आहे, मी म्हटलं. मग राहू द्या, ते म्हणाले, हातोड्यासारखा हातोडा, कोण बघतंय.

तेवढ्यात दालन सांभाळणाऱ्या प्रभावतीनंच आम्हाला बघितलं. लगबगीनं आली. "काका, किती वाट बघितली तुमची," म्हणाली, आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेली.

जुन्या मुसाफिरखान्यात ते दालन होतं. भिंतींना कंदील, झेंड्या, शिट्ट्या. मधोमध काचेची पेटी, आत लाल मखमलीवर तो हातोडा. खाली पाटी: चावीवाले कडूबा आणि त्यांचे चिरंजीव संपत, दोन पिढ्या, एकही अपघात नाही. पाटीवरची अक्षरं ठळक होती, म्हटल्याप्रमाणे मोठी होती. एरवी सगळं दोनदा तपासणाऱ्या काकांनी ती एकदाच वाचली. प्रभावती चहा सांगायला बाहेर गेली.

पॅसेंजरची वेळ होत आली होती. दहाबारा माणसं आत येऊन पंख्याखाली उभी होती, त्यांत अप्पारावही होता. आणि त्याच वेळी शीतल आली. शीतल टेंभुर्णीची, आमच्या हद्दीची आताची चावीवाली. भरती झाली तेव्हा पोरीच्या जातीला हे जमेल का म्हणून काका एक दिवस तिच्या मागं मागं तिचे ठोके ऐकत चालत गेले होते आणि परत येऊन म्हणाले होते की हात बराबर आहे. आता तिनं खांद्यावरचा हातोडा खाली टेकवला, काकांना नमस्कार केला आणि काचेला नाक लावून आत बघू लागली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग आपला हातोडा उचलून त्याचं तोंड बघितलं, परत काचेत बघितलं.

"काका, ह्यो तुमचा न्हाई," ती म्हणाली.

तिनं आपला हातोडा सगळ्यांना दाखवला. चावीवाला चालता चालता, वाकून, एका अंगानं ठोकतो. त्यामुळं हातोड्याचं तोंड खालच्या कडेलाच झिजतं. तिचा दोनच वर्षांचा, तरी कड उतरली होती. आतला मात्र मधोमध गोल झिजलेला. "ह्यो खडी फोडायचा हाय. कुणीतरी बदललाय."

अप्पाराव पुढं झाला. त्याला तर आयतंच मिळालं. संपतराव पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलेत, आपण हसत होतो, असं तो सगळ्यांना सांगू लागला. पंख्याखालची माणसं पेटीभोवती जमली. कुणी म्हणालं, जुन्या लोखंडाला शहरात गिऱ्हाइकं असतात. कुणी म्हणालं, कंदीलही तपासा. एकानं फोन काढून पेटीचं शूटिंग सुरू केलं. मी काकांकडं बघितलं. ते पाटीकडं बघत होते. मी बोलायला हवं होतं हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण मी बोलले असते तर ती चुगली झाली असती, आणि मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या या हट्टापायी त्या पोरीला पुढची पाच मिनिटं काय सोसावं लागलं, हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

प्रभावती चहा घेऊन आली तेव्हा तिच्यासमोर फोन धरलेला होता. अप्पारावानं विचारलं, मॅडम, खरा हातोडा कुठं आहे? तिला प्रश्नच कळला नाही. शीतलनं समजावलं. मग प्रभावतीनं चहाचे कप खिडकीत ठेवले, धावत जाऊन नोंदवही आणली, तारीख दाखवली. म्हणाली, मी स्वतः पेटीत ठेवला, किल्ली माझ्याकडंच असते. ते ऐकून अप्पाराव हसला, म्हणजे मग दुसऱ्या कुणाचं कामच नाही. एकदम ती काकांकडं वळली.

"काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही दिलेला हाच ना?"

सगळ्यांनी काकांकडं बघितलं. अप्पारावानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, बोला संपतराव, भिऊ नका, गाव तुमच्या मागं आहे.

बाहेर पॅसेंजरची घोषणा झाली. एकही माणूस हलला नाही. नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी ते सुटले असते. आयुष्यभर ज्या गावानं त्यांच्या संशयाची टिंगल केली, ते गाव पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं उभं होतं.

"ह्योच दिल्ता," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की अप्पारावानं काय म्हणून विचारलं. मग काका मोठ्यानं बोलले. "म्याच खोटा दिल्ता. आष्टीच्या बाजारातून आणून. ह्या पोरीनं काही केलं न्हाई. खरा माझ्या घरी हाय. ते शूटिंग करून राह्यले ना, ते माझं करा."

अप्पारावचा हात त्यांच्या पाठीवरून निघाला. फोन धरणाऱ्यानं फोन खाली घेतला. गाडी आली आणि सगळ्यांना एकदम गाडीची आठवण झाली. दालनात आम्ही चौघंच उरलो.

प्रभावती रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. किल्ली काढून पेटी उघडली, हातोडा काढून खिडकीत, गार झालेल्या चहाशेजारी ठेवला. मग कडूबांच्या नावाची पाटी काढली आणि नोंदवहीत घालून वही मिटली. काकांनी तोंड उघडलं, पण ती तोवर बाहेर गेली होती.

घरी गेल्यावर काकांनी गव्हाची कोठी स्वतःच रिकामी केली. भिंतीपलीकडून बेबीनंदाकाकूचा आवाज तासभर ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. ते सकाळीच दारात उभे, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात लाल फडक्यात गुंडाळलेला हातोडा. म्हणाले, संगट येता का. मी गेले.

प्रभावती दालनातच होती. काकांनी हातोडा पुढं केला. ती उठली नाही. म्हणाली, टेबलावर ठेवा. मग तिनं फडकं सोडलं, पूर्ण सोडलं. हातोडा खिडकीतल्या उजेडात नेला, दोन्ही तोंडं बघितली, दांडा बघितला, दांडा जिथं लोखंडात शिरतो तिथं नखानं खरवडून बघितलं. कडूबांच्या हातानं गुळगुळीत झालेल्या जागेचा तिनं वास घेतला. मग फोन लावून शीतलला बोलावलं. शीतलला यायला दहा मिनिटं लागली. तोवर प्रभावतीनं काकांना बसा म्हटलं नाही, आणि काका बसले नाहीत.

शीतलनं कडेवरून अंगठा फिरवला. आपल्या हातोड्याशेजारी धरला. उलटा करून पुन्हा बघितला.

"ह्यो चावीवाल्याचाच हाय, मॅडम," ती म्हणाली. "लई वर्षं चाललेला."

"नक्की?" प्रभावतीनं विचारलं. "बघ पुन्हा. घाई नाही."

शीतलनं पुन्हा बघितलं. काका दोघींच्या मधे उभे होते, बापाच्या हातोड्यापासून दोन हातांवर, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी प्रभावतीनं मान हलवली, नोंदवहीत लिहिलं आणि काकांची सही घेतली. पाटी आज लावणार का, असं मी विचारलं. बघू, ती म्हणाली.

परत येताना पुलावर काका थांबले. खाली रूळ होते, उन्हात तापलेले. त्यांनी कठड्याला धरलं.

"बाई, असं कुणी बघितलं की लई लागतंय," ते म्हणाले. "म्या बायकोकडं चाळीस वर्षं असंच बघत आलो."